फ्रिजवरून काढलेलं माप

सालेम आपल्या नातीच्या झग्याचं माप फ्रिजवरून काढायचा. चाळीस वर्षं मी शिंपीकाम केलं, ओमानात वादी कबीरच्या दुकानात म्हातारा झालो, पण असं गिऱ्हाईक दुसरं पाहिलं नाही.

सालेम ओमानी, राहायला दुकानाच्या मागेच. मुलगा हॉलंडला नोकरीला गेला आणि तिकडच्याच एका मोरोक्कन घरातली मुलगी करून बसला. तिचा आजा पूर्वी कारखान्यात मजुरीला म्हणून तिकडे गेलेला. सालेमला वाटलं, बरं झालं, सून अरबी बोलणारी मिळाली. फोनवर बोलला आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, "तिचं अरबी मला कळत नाही, माझं तिला. त्यापेक्षा तुझं हिंदी बरं." माझं हिंदी कसलं, ते सोडा.

नात नूरा तर तिकडचीच भाषा बोलते. ओमानला कधी आली नव्हती. दर ईदच्या आधी हा मोबाइलवर तिचा फोटो घेऊन दुकानात. फोटोत पोर फ्रिजला टेकून उभी.

"खालच्या दाराच्या वर डोकं गेलंय. काप."

"अरे, मुलाला माप विचार की."

"तो म्हणतो, पाठवू नका, इकडे दुकानं आहेत. फोटो खोटं बोलत नाही, रफीक. यल्ला, लाग कामाला."

एकदा मला गाडीत घालून फ्रिजच्या दुकानात नेलं. तसाच दिसणारा फ्रिज शोधला आणि वितीने मोजायला लागला. सेल्समन म्हणाला, "अर्बाब, घरात मावेल का बघताय?"

"नाही. नात मोजतोय."

झग्याखालच्या सुरवारीवर भरतकाम माझी बायको करायची. ती गेली तेव्हा मी सालेमला सांगितलं, आता दुसरा शिंपी बघ. तो रोज येऊन स्टुलावर बसायचा. धीराचा शब्द एक नाही. तीन आठवड्यांनी म्हणाला, "ईद आली. भरतकाम नको. साधा शिव." मी रागाने शिवला, पण शिवला.

नूराने झगा घातलेला फोटो मात्र कधी येईना. "बसला असेल ना?" हे तो मला विचारायचा. मी काय हॉलंडला जाऊन आलो होतो?

मग त्याच वर्षी डिसेंबरात मुलगा बायको-पोरीला घेऊन आला. दुसऱ्याच दिवशी सालेम मुलाला आणि नातीला घेऊन दुकानात. दहा वर्षांची हडकुळी पोर, अंगात तोच साधा झगा. गुडघ्याखाली चार बोटांवर संपलेला, बाह्या कोपराशी.

मुलगा मला हिंदीत हळूच म्हणाला, "चाचा, दरवर्षी असंच. आखूड. म्हणून फोटो पाठवला नाही. बाबांना वाईट वाटलं असतं."

सालेमला हिंदी कळतं, हे तो विसरला होता.

सालेम माझ्याकडे वळला. "उस्ताद, कापताना चुकलास तू."

मी आजवर कुणाचं ऐकून घेतलं नाही. म्हणालो, "हो. माझीच चूक."

मी टेप उचलला. त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला. नूराच्या खांद्यापासून घोट्यापर्यंत मोजलं, आकडा सांगितला. मी लिहिला. मग पाठ, बाही, मनगट. मग परत खांद्यापासून. आकडा तोच आला. तिसऱ्यांदाही तोच. पोर हात पसरून उभी होती.

मुलगा म्हणाला, "बाबा, खलास. झालं माप."

"तिला म्हणावं, हलू नकोस," सालेम म्हणाला.