अठ्ठेचाळीस मिनिटांचं गाणं आणि द्वारकाकाकूंचं मत

एका जंगलात, मुलांनो, एक बातमी अर्धीच ऐकू आली.

ऐकली कुणी? द्वारकाकाकू साळुंकीनं. काकू राहायच्या जांभळाच्या झाडावर. खाली बिळात भिवा साळिंदराचा संसार. काकू काही मुद्दाम कान लावत नसत. पण त्यांची फांदीच वाकून बिळाच्या तोंडाशी आलेली. त्याला काकू काय करणार?

त्या दुपारी भिवाची बायको सगुणा आपल्या बहिणीला सांगत होती, "बाई गं, कुणाला बोलू नकोस. आमच्या ह्यांना मोजताच येत नाही..."

तेवढ्यात बिळातल्या पोरांनी एकमेकांना काटे टोचले. एकच रडारड उठली. पुढचं बोलणं त्यात बुडालं.

काकूंनी चोचीवर पंख ठेवला. "अगं बाई! भिवाला मोजता येत नाही?"

आता तुम्ही म्हणाल, नसेल येत. साळिंदराला मोजून करायचंय काय? तर ऐका. भिवा साधासुधा साळिंदर नव्हता. तो जंगलातल्या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा ड्रमर होता.

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय, हे जंगलात कुणालाच नीट माहीत नव्हतं. म्हणून त्याला फार मान होता. बँडचे मालक विश्वासराव मोर. ते एकटे सहा पेट्या वाजवत, आणि पिसारा फुलवल्याशिवाय एकाही पेटीला पाय लावत नसत. बँडचं गाणं एकच होतं. पण ते अठ्ठेचाळीस मिनिटांचं होतं. त्यात चंद्रावरच्या मुंग्या काचेचा किल्ला शोधायला निघतात, आणि बेचाळिसाव्या मिनिटाला त्यांना कळतं की किल्ला म्हणजे आपणच.

हे गाणं ऐकायचेही नियम होते. ते केले होते जाणकार श्रोता मंडळाचे अध्यक्ष बगळेसर यांनी. डोळे मिटायचे. एका पायावर उभं राहायचं. शेपूट हलवायची नाही. मान हलवायची ती फक्त समेवर. आणि सम कुठे आहे हे ज्याला कळत नाही, त्यानं मान हलवायचीच नाही.

सहा वर्षांत कुणाचीही मान हलली नव्हती.

बगळेसरांनी भिवाच्या वादनावर केळीच्या चारशे पानांचा ग्रंथ लिहिला होता. भिवा एकोणतीस मात्रांचं आवर्तन वाजवतो, असं त्यात सिद्ध केलं होतं. तो ग्रंथ सगळ्यांनी वाचला होता, असं सगळे सांगत.

काकूंचंही त्या गाण्याबद्दल एक मत होतं. ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. काकूंनी एखादी गोष्ट कुणाला सांगितली नाही, म्हणजे ती किती भयंकर असेल बघा!

भिवाची बातमी मात्र त्यांनी सांगितली. तीसुद्धा एकट्या शांतू मुंगसाला.

"तुझ्यापाशीच ठेव हं, शांतू."

"काकू, शब्द फुटायचा नाही तोंडातून."

ऊन उतरायच्या आत बातमी नदीपलीकडे पोचली. जाता जाता तिला शेपट्या फुटल्या. भिवाला मोजता येत नाही. भिवाला बोटंच नाहीत. ड्रम भिवा वाजवतच नाही, आतून त्याची सासू वाजवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बगळेसरांनी सभा बोलावली. भिवानं सर्वांसमोर एकोणतीसपर्यंत मोजायचं, नाहीतर ड्रम यशवंत सुतारपक्ष्याला द्यायचा, असं ठरलं.

काकूंना बिळातली पोरं आठवली. ड्रम वाजवल्यावर भिवाला टोपलीभर कंदमुळं मिळायची. त्यावर अख्खं बीळ जेवायचं. ड्रम गेला तर सगुणेनं पोरांपुढे काय ठेवायचं?

भिवा उभा राहिला. खाकरला. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात."

थांबला.

"एक," भिवा म्हणाला.

"आठ म्हणा, आठ!" बगळेसर ओरडले.

"आठवा कोण?" भिवानं विचारलं. "सर, मला पोरं सात. सांजच्याला बिळात शिरताना मोजतो. सात झाली की परत पहिल्यापासून. एखादं मागच्या मागं निसटलेलं असतं. आठवं निघालं तर ते शेजारचं, त्याला आधी घरी पोचवायचं!"

बगळेसरांना घेरी आली. एका पायावर उभं असताना घेरी येणं फार वाईट. "माझी चारशे पानं!" म्हणत ते चिखलात बसले.

ड्रम यशवंतकडे गेला. हा हजारापर्यंत मोजणारा गडी. त्यानं एकोणतीस मात्रा अशा चोख ठोकल्या की एकही इकडची तिकडे झाली नाही. विश्वासरावांनी पिसारा फुलवला. पहिल्या पेटीवर पाय ठेवला, चुकला. तिसरीवर ठेवला, तोही चुकला. चौथीच्या भात्यात पिसारा अडकला. मुंग्या चंद्रावरून निघाल्याच नाहीत.

"थांब रे बाबा!" मोर ओरडला. "कुठे शिरायचं तेच कळेना! भिवाचे काटे सळसळले की मी शिरायचो."

"म्हणजे तुम्ही मोजत नव्हता?" बगळेसरांनी चिखलातूनच विचारलं.

"सहा पेट्या वाजवू, पिसारा सांभाळू, की मोजत बसू?"

आता मात्र काकूंना राहवेना. त्या टुणकन मधोमध उतरल्या.

"भिवाभाऊ, चूक माझी. मी अर्धं ऐकलं आणि सांगितलं. आता एक पुरं सांगते. मला ह्या गाण्यावर नाचावंसं वाटतं!"

सभेत हाहाकार उडाला. एका हरणीनं पाडसाचे कान झाकले.

"नाचावंसं?" बगळेसर किंचाळले. "प्रोग्रेसिव्ह रॉकवर? काकू, असलं मत सबंध जंगलात कुणाचं नाही!"

"म्हणून तर पानांआड नाचते. आणि आणखी एक. मधली पंचवीस मिनिटं मी घरट्यातला केर काढून येते. परत यावं तर विश्वासराव तिथंच!"

"तिथंच नसतो!" मोर दुखावून म्हणाला. "तोवर मी पाचव्या पेटीवर आलेलो असतो."

कोण हसलं कळलं नाही, पण हसू पसरलं. भिवानं जमिनीवरच थापा मारायला घेतल्या. एक ते सात. सातवर काटे सळसळले, आणि काकूंनी उडी मारली. "मला फक्त शेवटची तीन मिनिटं आवडतात!" म्हणत अस्वलीण उठली. "मला त्या मुंग्यांचं कधी काही कळलंच नाही!" म्हणत रेडा उठला. विश्वासराव शिरले, अगदी नेमके. यशवंत मोजायचा विसरला आणि गिरक्या घेऊ लागला. बगळेसरांनी चिखलातून उठून सहा वर्षांत पहिल्यांदा दुसरा पाय खाली टेकला.

ड्रम भिवाला परत मिळाला. कंदमुळांच्या दोन टोपल्या ठरल्या.

संध्याकाळपर्यंत जाणकार नर्तक मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष बगळेसर. डोळे उघडे ठेवायचे. सातवर उडी सक्तीची. मधली पंचवीस मिनिटं आवडतात असं म्हणायला बंदी.

एक बेडूक काकूंच्या कानाशी येऊन म्हणाला, "काकू, मला तीच आवडतात हो." काकूंनी त्याला पानांआडची आपली जागा देऊन टाकली. आणि ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. म्हणजे, शांतूला सोडून.

मग सगुणेनं काकूंना त्या दिवशीचं राहिलेलं बोलणं सांगितलं. "...सातच्या पुढे," एवढंच होतं ते. बातमी खरी होती, पण सातच्या पुढे. बाकीच्या बँडला एकच्याही पुढे मोजता येत नव्हतं. ती बातमी मात्र कुणी अर्धीसुद्धा ऐकली नव्हती.

तात्पर्य: बातमी अर्धी ऐकू आली की लगेच सांगून टाकावी. पुरी ऐकत बसणाऱ्याला फक्त खरं काय ते कळतं, आणि त्यावर कुणाला नाचता येत नाही.