दाणेकाकांचे दोन हायलम

दाणेकाकांनी छातीच्या एक्स-रेचा रिपोर्ट तिसऱ्यांदा वाचला, चष्मा काढला आणि बायकोकडे पाहिलं.

"अगं, माझ्या छातीत बी आहे."

"काय आहे?"

"बी. एक नाही, दोन. हे बघ, 'दोन्ही हायलम ठळक.'"

वनस्पतिउद्यानाच्या बीजभांडारात काकांची तीस वर्षं गेली होती. हायलम म्हणजे बी शेंगेला चिकटलेलं असतं तिथला डाग. बियाची बेंबीच म्हणा ना. दाणा वाळलाय की नाही हे ते दाताखाली धरून बघत. तीस वर्षांत दोन-चार घशाखाली गेले असणारच.

"डॉक्टरांना विचारा बाई आधी."

"गुरुवारची वेळ दिलीये. तोवर जपायला हवं."

मंगळवारी त्यांनी भांडारातल्या तज्ज्ञबाईंना सांगितलं. बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळाही काढला नाही. "वेल की झुडूप?"

"ते आत्ता कसं कळणार?"

"मग पाणी बेतानं प्या, नाहीतर कुजेल. आणि भरपूर ऊन घ्या."

बाईंनी थट्टा केली होती. काकांनी ती वहीत उतरवून घेतली.

त्या दिवशी ते चारलाच घरी आले. बायकोनं गॅलरीत खुर्ची मांडली. ऊन सरकलं तशी खुर्ची सरकवली, आणि मग स्वतःचीही आणली. काका डोळे मिटून बसले. एकेका बरगडीचा आधार घेत काहीतरी हिरवं वर चढत होतं. श्वास घेतला की पानं उलटत होती.

"दुखतं का हो?"

"छे गं. सळसळतं."

बुधवारी त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण उघडं ठेवलं. कोंब आलाच तर अडायला नको. खोकलाही गिळला. तेवढ्यात, का कोण जाणे, त्यांनी विचारलं, "तू रोज दुपारी काय करतेस गं?"

तिनं आपली खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग सांगू लागली. भिंतीवरचं ऊन उतरलं तरी तिचं सांगणं संपलं नव्हतं.

गुरुवारी डॉक्टर हसले. "काका, फुफ्फुसात श्वासनलिका आणि रक्तवाहिन्या शिरतात, त्या जागेला आम्ही हायलम म्हणतो. प्रत्येकाला दोन असतात. तुमचे जरा उठून दिसतात, इतकंच. एकदम ठणठणीत आहात."

"म्हणजे काहीच उगवणार नाही?"

"अहो, हे मी मंगळवारी सकाळीच तुमच्या मिसेसना फोनवर सांगितलं की!"

काका रमतगमत घरी आले. छाती उगाच रिकामी वाटत होती. गॅलरीत दोन्ही खुर्च्या मांडलेल्या होत्या.

"काय म्हणाले डॉक्टर?" बायकोनं पडदा नीट करता करता विचारलं. पडदा नीटच होता.

काकांनी सदऱ्याचं वरचं बटण उघडलं. "मुळं धरतायत म्हणे. ऊन चालू ठेवायचं. रोज चार वाजता."

"किती दिवस?"

"मोठी होणारी जात आहे. वर्षं लागतील."

"अगं बाई," ती म्हणाली, "मग मला खुर्चीत उशी घ्यावी लागेल."