तीन पावलांचा कायदा

पोलिसांनी हात दाखवला की बाकीचे ड्रायव्हर लायसन शोधतात. आमचे धोंडूकाका मोबाइल शोधतात. मग टेम्पोतून उतरतात, मोठ्यानं मोजत तीन पावलं मागे जातात, मोबाइल छातीशी धरतात आणि म्हणतात, "अडथळा नाय, साहेब. आता गुन्हा काय, तो सांगा."

गुन्हा कधीच नसतो. टेम्पोत कुडपणच्या दुधाचे कॅन असतात आणि गाडीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी स्टीलच्या डब्यात.

तीन पावलांचा दोष मात्र माझा. मी आमच्या वाडीतली पहिली पदवीधर. महाडच्या कॉलेजात तीन वर्षं काकांच्या टेम्पोतून गेले. पुढची सीट ते माझ्यासाठी राखून ठेवायचे. मी बी.ए. झाले तेव्हा त्यांनी विचारलं, "पोलिसांचं शूटिंग केलं तर आत टाकतात काय गो?"

मी महाडच्या एका वकिलांना विचारून आले. रस्त्यावर काम करणाऱ्या पोलिसाचं शूटिंग करणं हा एरवी गुन्हा नाही, पोलीस ठाणंसुद्धा गुपित जागा नाही असं हायकोर्टानं म्हटलंय, फक्त त्यांच्या कामात अडथळा आणायचा नाही.

"किती लांब उभं राह्यलं की अडथळा होत नाय?" काकांनी विचारलं.

पदवी नवी होती. माहीत नाही म्हणायची लाज वाटली. "तीन पावलं," मी म्हटलं.

काकांनी तो कायदा पाळला आणि पसरवलाही. आता कशेडी घाटातले ट्रकवालेसुद्धा तीन पावलं मोजतात. एका नव्या हवालदारानं तर "अहो, अडीचच झाली" म्हणून काकांना अर्धं पाऊल मागे सरकवलं होतं. मी अजून कुणाला खरं सांगितलेलं नाही.

पुढे पुढे काकांना कुणी अडवेनासं झालं. पोलादपूरजवळच्या नाक्यावरच्या हवालदार बाई लांबूनच हात हलवायच्या, "जावा काका, जावा." दुसरा कुणी खूश झाला असता. काका मात्र खट्टू.

एका शनिवारी मी शेजारी बसले होते. बाईंनी हात हलवला. काका पुढे गेले, टेम्पो वळवून परत आले. पुन्हा "जावा." ते तिसऱ्यांदा वळवायला लागले तेव्हा मी म्हटलं, "काका, दूध नासेल."

"नासू दे."

"अडवून घ्यायची एवढी काय हौस?"

त्यांनी टेम्पो कडेला घेतला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. सगळी शूटिंगं एकाच नंबरवर पाठवलेली होती, त्यांच्या मुलाच्या, महेशच्या. उत्तर एकालाही नव्हतं. नुसत्या निळ्या खुणा.

महेशचं वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी याच टेम्पोतून दोघं जात असताना एका नाक्यावर पोलिसानं त्याला चारचौघांत थोबाडीत मारली. कागद बरोबर होते. महेश विचारत राहिला, "गुन्हा काय, तो सांगा." आणि काका मधे पडून, हात जोडून म्हणाले, "पोर चुकलं, साहेब." त्याच आठवड्यात महेश मुंबईला गेला. तेव्हापासून बापाशी बोलत नाही.

"बगतो तो," काका म्हणाले. "पाठवलं की लगेच बगतो. अकरा दिस झाले, पाठवायला कायच नाय."

मी उतरले, नाक्यावर गेले आणि हवालदार बाईंना चार वाक्यांत सगळं सांगितलं.

"मग आधी नाही का सांगायचं?" त्या म्हणाल्या. त्यांनी टोपी नीट केली, काठी उचलली आणि टेम्पोपाशी येऊन बोनेटवर हात आपटला. "ओ टेम्पोवाले, खाली उतरा. कागद दाखवा."

काका इतक्या घाईनं उतरले की एक चप्पल आतच राहिली. त्यांनी कागद दिले, तीन पावलं मोजली, मोबाइल छातीशी धरला. "अडथळा नाय, साहेब. गुन्हा काय, तो सांगा."

बाईंनी एकेक कागद उलटून पाहिला. मग सरळ मोबाइलकडे बघत म्हणाल्या, "गुन्हा काही नाही."

"जरा मोठ्यानं, साहेब," काका म्हणाले. "तिकडं ऐकू जायला हवं."