फिनलंडचे पेढे

फिनलंड लष्करी युतीत सामील झाला म्हणून पेढे वाटणारा माणूस अख्ख्या ठाकुर्लीत एकच असेल, आणि तो आमच्या शेजारी राहतो. सावंतकाका पुडा घेऊन दारात उभे राहिले तेव्हा आईला वाटलं, मंजिरीचं लग्न ठरलं.

"मंजिरीचं नाही वहिनी, तिच्या देशाचं ठरलं," काका म्हणाले.

मंजिरी त्यांची एकुलती मुलगी. तिकडे फिनलंडला नर्स आहे, आणि तिच्या गावापासून रशियाची सरहद्द अगदी जवळ. काकू गेल्यापासून काका एकटेच असतात. कोलशेतच्या रंगाच्या कारखान्यात जन्म काढलेला हा माणूस आता सकाळी दूध गॅसवर ठेवून युरोपच्या बातम्या लावतो. दूध रोज उतू जातं.

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए., राज्यशास्त्र. हे सांगायला मी कुणी विचारायची वाट बघत नाही. त्यामुळे जिन्यात गाठ पडली की काका मलाच पकडतात. माझ्या हातात भाजीची पिशवी, आणि यांचं सुरू: "अगं, मोठे पुन्हा भिडायला लागलेत. लहानांनी आता मधे उभं राहून चालायचं नाही."

बोलून थांबले असते तर ठीक होतं. आमची जुनी बिल्डिंग दोन नव्या टॉवरांच्या मधे. टँकरच्या रस्त्यावरून त्या दोघांचं जुंपलेलं, आणि दोघंही आम्हाला आपल्याकडे ओढत होते. काकांनी दोघांनाही चहा पाजून वाटेला लावलं आणि मागच्या जुन्या बिल्डिंगीशी करार केला. एकीचा पंप बंद पडला तर तो दोघींचा बंद पडला असं धरायचं. पाइपही आधीच जोडून ठेवला. अडचण आल्यावर पाइप शोधत फिरणारा कसला दोस्त, असं त्यांचं म्हणणं.

मग रविवारी सराव. काकांनी शिट्टी वाजवली, माणसं गाऊन-लुंगीवर बादल्या घेऊन धावली, शेजाऱ्यांनी पाणी सोडलं. आमची टाकी मुळात भरलेलीच आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पाणी गच्चीवरून उतरलं ते कुलकर्णीकाकूंचे पापड घेऊनच.

"सरावात असं होतं," काका म्हणाले. कुलकर्णीकाकू त्यांच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. पण मे महिन्यात पंप खरंच जळला, तेव्हा चहा व्हायच्या आत शेजारचं पाणी आलं, आणि काकूंनी उरलेले पापड स्वतः तळून दिले.

अलीकडे मात्र काका गप्प झाले होते. युतीतला सगळ्यात बडा देश बाकीच्यांना सुनावत होता, आपलं आपण बघा म्हणून. एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. टीव्ही बंद होता.

"तू शिकलीयस. खरं सांग. वेळ आली तर येतील का गं ते?"

पुस्तकातलं बरंच सांगता आलं असतं. मी म्हटलं, नक्की कुणालाच माहीत नाही काका. पण तिकडचे शेजारी देश आता एकमेकांना धरून उभे राहतायत, नुसते बड्याच्या तोंडाकडे बघत नाहीत. काकांनी मान हलवली. पटलं असेल असं वाटलं नाही.

तेवढ्यात मंजिरीचा व्हिडिओ कॉल आला. ती बिल्डिंगच्या तळघरात होती. तिकडे इमारतींखाली आसरा घ्यायला जागा असते, तिची साफसफाई चाललेली. शेजारी पांढऱ्या केसांची एक आजी बसली होती. मंजिरी म्हणाली, "बाबा, या वरच्या मजल्यावरच्या. यांनी मला आधीच सांगून ठेवलंय, काही झालं तर एकटीने उतरायचं नाही, यांना हाक मारायची."

काकांनी फोनला हात जोडले. म्हणाले, "पोरीला सांभाळा." मराठीतच. आजीने मंजिरीच्या खांद्यावर हात ठेवला, मग काकांकडे निरखून बघत काहीतरी विचारलं.

मंजिरी म्हणाली, "बाबा, त्या विचारतायत, तुमच्याजवळ कोण असतं?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हळूच फोन वळवला आणि माझ्यासमोर धरला.

"सांग त्यांना," ते म्हणाले, "ही असते."