जनानखान्यातला चेंडू

बन्सीधर क्लार्कला आज बदली मागायची होती. येलदरीजवळच्या जहागीरदाराच्या जुन्या कोठीचा सरकारनं गोल्फ क्लब केला आणि देखरेखीला त्याला बसवलं, त्याला आता सात वर्षं होत आली होती. बायको रुख्मिणी पूर्णेला. परवाच तिनं निरोप धाडला होता, ‘या खेपेला बिस्तरा घेऊनच या.’ त्यानं बिस्तरा सकाळीच बांधून ठेवला होता. आता साहेब खुशीत दिसायचा अवकाश होता.

मोठे साहेब औरंगाबादेहून आले. कमानी बघितल्या, सागवानी छत बघितलं, “वा! काय बांधकाम आहे!” म्हणाले. बन्सीधरनं तोंड उघडलं, तोवर साहेबांनी काठी उचलली. चेंडू एकच उरला होता, बाकीचे काळ्या रानाच्या भेगांनी कधीच गिळले होते. बाहेर ऊन रणरणत होतं, म्हणून साहेबांनी ओसरीवरूनच टोला हाणला. चेंडू कमानीच्या खांबावर आपटला आणि उलटा उडून जनानखान्याच्या चौकात पडला. तिथं स्वयंपाकीण मालनबाईच्या कुरडया वाळत होत्या.

“कुण्या मुडद्यानं मोडल्या गं माज्या कुरडया!” भिंतीपलीकडून आवाज आला.

“मीच आणतो चेंडू,” साहेब म्हणाले.

“थांबा साहेब, तिकडं...”

साहेब गेलेसुद्धा. जहागीरदारानं जनानखाना बांधतानाच असा बांधला होता, की परका पुरुष शिरला तरी बाईमाणसापर्यंत पोचू नये. बोळातून बोळ, मध्येच आडव्या भिंती, सगळी दारं एकसारखी आणि निम्मी आतून बंद. एवढी अक्कल त्यानं दुसऱ्या कशात चालवल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

“बन्सीधर! मी कुठे आहे?”

“साहेब, म्होरं काय दिसायलंय?”

“भिंत.”

“आन् मागं?”

“भिंतच!”

मग साहेबांनी हाताला लागलेलं दार बडवलं.

“कोन हाय?” आतून मालनबाई.

“मी साहेब आहे. कडी काढा.”

“साहेब लोक म्होरल्या दारानं येतेत. आमचे मालक बाजाराला गेलेत. कडी निघायची न्हाई!”

बन्सीधरनं सुस्कारा सोडला आणि आत शिरला. पहिल्या वर्षी तो स्वतः इथं इतका भटकला होता, की आता डोळे मिटूनही त्याला वाट सापडे. डोक्यावर कोळिष्टकं मिरवणाऱ्या साहेबांचा हात धरून त्यानं त्यांना ओसरीवर आणलं. साहेब माठातलं पाणी प्यायले आणि एकदम खो खो हसत सुटले. हीच वेळ होती.

“साहेब, एक अर्ज हाय. पूर्णेला बदली...”

साहेबांचं हसू जागच्या जागी विरलं.

“बदली? वेड लागलंय का? पुढच्या महिन्यात मंत्री येतायत. ते आत अडकले तर बाहेर कोण काढणार? नाही, नाही. क्लब आहे तोवर तुम्हाला हलवायचं नाही!”

जीप धुरळा उडवत निघून गेली. बन्सीधर बांधून ठेवलेल्या बिस्तऱ्याजवळ येऊन टेकला. साहेबाला आतच ठेवायला पाहिजे होतं, असं त्याला फार वाटलं.

“भाऊ,” मालनबाईनं दारातून विचारलं, “मोडक्या कुरडया तळू का रातच्याला?”

“तळा,” बिस्तऱ्याची दोरी सोडत बन्सीधर म्हणाला.