तोफांच्या दारूखान्याची आणि केरोजी हवालदारांची हकीकत

श्री आदिशक्ती प्रसन्न. जिच्या कृपेनें अग्नि चुलींत राहतो आणि छपरास लागत नाहीं, त्या देवीस नमन करून हकीकत लिहितों ऐसी जे, शके सोळाशें ऐशीं, बहुधान्यनाम संवत्सरीं, एका राज्यांत डोंगराचे पायथ्यास सरकारचा दारूखाना होता. तेथें शोरा, गंधक आणि कोळसा दगडी उखळांत कुटून तोफांची दारू होत असे, आणि बायामाणसें धरून अवघा गांव तेथें राबत असे. कारखान्यावर मानाजी हवालदार होते. मोठे कडक. कोणाचे हातून चूक जाहली कीं कोरडे ओढीत, आणि कोणी दुसऱ्याची चूक सांगावयास आला तरी पहिला कोरडा त्याचेच पाठीवर बसे. मग लोकांनीं सांगणें सोडिलें. एका लांकडी मुसळास भेग पडली, ती आवळावयास कोणी लोखंडी पट्टी ठोकिली, ती सर्वांनीं पाहिली, आणि सर्व खालीं मान घालून कुटीत राहिले. आणि एके दिवशीं पट्टी दगडावर घासून ठिणगी पडली, आणि छप्पर उडालें, आणि रामोजी नामें कुटणारा व त्याचा धाकटा भाऊ जागींच गेले. महाराजांस बहुत दुःख जाहलें. मानाजींस दूर केलें आणि तोफखान्याकडील केरोजी यांस वस्त्रें देऊन हवालदारी सांगितली.

लोकांस वाटलें, आतां कोरडा आणखी लांब होईल. परंतु केरोजी कारखान्यांत न जातां आधीं रामोजीच्या घरीं गेले. त्याची बायको चिमाई, तीही कारखान्यांत शोरा चाळीत असे. केरोजी ओटीवर बसले आणि बोलिले, "बाई, ती पट्टी तुम्हीं पाहिली होती?" चिमाई बोलिली, "पाहिली होती. घरधन्यानेंही पाहिली होती. मग काय करावें? बोलून पाठ सोलून घ्यावी?" केरोजी बोलिले, "लोखंड वा चकमक आंत जाऊं नये म्हणून उद्यांपासून दारावरची झडती तुम्ही घ्या. आणि पहिली माझी घ्या." दुसरे दिवशीं सर्वांदेखत त्यांणीं नालाचे जोडे दाराबाहेर काढिले, कट्यार काढून दिली, आणि हात पसरून चिमाईपुढें उभे राहिले. मग कोणास नाहीं म्हणावयास तोंड राहिलें नाहीं. आणि रोज सकाळीं उखळें चालूं होण्याआधीं सर्वांस वडाखालीं बसवीत आणि पुसत, "काल काय होतां होतां राहिलें?" कित्येक दिवस कोणी बोलेना. मग एके दिवशीं एक म्हातारा चाचरत बोलिला, "कुटतांना माल सुकला होता, मी पाणी शिंपडावयास विसरलों. सुका माल घासून पेट घेतो." केरोजींनीं आपल्या हातें विडा करून त्यास दिला आणि पुसिलें, "पाणी दूर पडतें काय?" दूर पडत होतें. त्याच दिवशीं रांजण उखळांजवळ आणविला. तेव्हांपासून लोकांचीं तोंडें उघडलीं.

पुढें शत्रु सरहद्दीस आला आणि सेनापतींचा निरोपावर निरोप येऊं लागला कीं दारू पाठवा. केरोजी घाबरे जाहले. सकाळीं दाराशीं गर्दी पाहून चिमाईस बोलिले, "आज झडती लवकर आटपा." तिनें आटपिली. आणि दोन प्रहरीं लाडोजी नामें कुटणारा उखळावर वांकला असतां कमरेची पानतंबाखूची चंची हातास लागली आणि आंत चकमक लागली. चंची मुठींत धरून गुमान बाहेर पडला असता तर कोणास कळतें ना. परंतु तो ओरडला, "थांबा! मुसळें थांबवा! माझ्यापाशीं चकमक आहे!" अवघा कारखाना गार पडला. केरोजींनीं सर्वांस बाहेर काढिलें, चंची दूर नेवविली, आणि चिमाईस पुसिलें, "ही दारांतून आंत कशी गेली?" ती बोलिली, "लवकर आटपा, ऐसें सकाळीं तुम्हीच बोललां, हवालदारजी." केरोजी सर्वांपुढें बोलिले, "खरें आहे. घाई मीं केली. आज अवघे मेलों असतों, तें माझ्या तोंडच्या एका शब्दानें." आणि सर्वांची झडती पुन्हां घ्यावयास सांगितली.

इतक्यांत सेनापतींचा स्वार घोडा फेंकीत आला आणि उखळें बंद पाहून खवळला. वर्तमान कळलें तेव्हां बोलिला, "चकमकवाल्यास बांधा!" केरोजी मध्यें उभे राहिले आणि बोलिले, "बांधावयाचें तर मला बांधा. यास बांधाल तर उद्यां कोणी तोंड उघडणार नाहीं, आणि मग तुम्हांस दारूही नाहीं आणि कारखानाही नाहीं." स्वार दांत खात परत गेला. दारू उशिरा निघाली. ती पोंचेपर्यंत सेनापतींनीं होती त्या दारूवर सरहद्दीचा घांट कसाबसा धरिला, मग नव्या दारूनें तोफा सुरू जाहल्या आणि शत्रु माघारा गेला.

तथापि महाराजांनीं केरोजींस बोलाविलें आणि पुसिलें, "उशीर कां जाहला?" केरोजींनीं कांहीं न लपवितां सांगितलें. महाराजांनीं पुसिलें, "त्या लाडोजीस काय दिलें?" "विडा दिला, महाराज." "विड्यानें काय होतें? सरकारांतून जरीचा शेला द्या."

दुसरे दिवशीं लाडोजी शेला खांद्यावर टाकून ऐटीनें दाराशीं आला. चिमाईनें पदर चिमटींत धरून पाहिला आणि बोलिली, "जर म्हणजे धातूची तार. बाहेर ठेव." लाडोजी बोलिला, "अगे, महाराजांनीं दिला आहे!" ती बोलिली, "महाराज आले तर त्यांचाही बाहेर ठेवीन." केरोजी मागें अनवाणी उभे होते, ते हंसूं लागले, आणि लाडोजीही हंसला, आणि शेला वडाच्या फांदीस बांधून आंत गेला. दिवसभर तो वाऱ्यावर झळकत राहिला आणि लोक कुटतां कुटतां मान वर करून पाहत राहिले.

केरोजींचे कारकीर्दींत त्या कारखान्यांत कोणी दगावला नाहीं. माणसें सकाळीं जात आणि सांजेस आपापल्या घरीं जेवावयास येत. याहून थोर वर्तमान या हकीकतींत नाहीं. इति.