शेवटच्या ठिपक्यापुढची रेषा

तुमच्या आत्याआजीला उद्याबद्दल काहीही विचारा, उत्तर कालचं मिळतं. दूधवाला दारातून ओरडतो, "ताई, उद्या किती टाकू?" आत्याआजी म्हणते, "काल एक लिटर लागलं." तो गोंधळून माझ्याकडे बघतो, मी मान हलवते, मग तो जिना उतरतो. गंगापूर रोडच्या या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच उरलो तेव्हापासून हे असंच चाललं आहे.

आर्या, ईशान, व्हिडिओ कॉलवर तुम्हाला तिचं फक्त कपाळ दिसतं, म्हणून ही ओळख. कुमुदवन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला सुधा म्हणतात, आणि मनातल्या मनात आम्ही एकमेकींना आणखीही बरंच काही म्हणतो. जन्मभर त्यांनी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवलं. निवृत्त झाल्यावर बायका देवळात जातात, यांनी संगणक घेतला. माझ्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग तेव्हा गेला तो गेलाच.

त्यांचा उद्योग सांगायला सोपा आहे. आकडे भरायचे, पडद्यावर त्यांचे ठिपके उमटवायचे आणि त्या विखुरलेल्या ठिपक्यांच्या मधून, कोणाचा फार अपमान होणार नाही अशी एक वळणदार रेषा काढायची. कुकरच्या शिट्ट्या आणि तुरीच्या डाळीचं शिजणं, नाशिकची थंडी आणि माझे गुडघे, सगळ्याचे ठिपके झाले आहेत. मी कण्हले की वन्सं विचारतात, "कालच्यापेक्षा जास्त की कमी?" बाम कोणी आणून देत नाही.

या उद्योगात त्यांचा एक सोवळेपणा आहे. रेषा शेवटच्या ठिपक्यापाशी थांबली पाहिजे. सॉफ्टवेअरला सोडलं तर ते रेषा कागदाच्या कडेपर्यंत दामटतं. वन्सं चष्मा नाकावर ओढून ती कापतात. "जिथे मोजलं नाही, तिथे बोलायचं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

सोसायटीच्या बोअरच्या पाण्याचा असाच एक आलेख त्यांनी काढून दिला होता. रेषा एप्रिलमध्ये थांबलेली. चेअरमन म्हणाले, "ताई, मे महिन्याचं काय?"

"मे महिना अजून आलेला नाही."

"पण टँकर आत्ताच सांगून ठेवावे लागतात ना!"

"मग ज्योतिषाकडे जा. पंचवटीत पुष्कळ आहेत."

मे महिन्यात पाणी संपलं आणि अख्ख्या बिल्डिंगने बादल्या वाहिल्या. आम्हीही. वन्संनी तो ठिपका समाधानाने भरला.

शिकायला येणाऱ्या पोरींना तर ओरडण्याचा रतीबच. परवापर्यंत एक पीएचडीवाली येत असे. तिने रेषा काढली आणि पडद्यावर मांजराने लोकर विस्कटावी तसा गुंता झाला. वन्सं कडाडल्या, "आधी लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावा! संगणकाला अक्कल नसते. ज्या क्रमाने द्याल त्याच क्रमाने तो ठिपके जोडतो. पुढे, मागे, पुन्हा पुढे!" पोरगी रडली. मी तिला चहा दिला. माझी सगळी कपाटं ओळीत लावलेली असतात, त्यामुळे या एका मुद्द्यावर मला वन्संचं पटतं.

एकदा मी धीर करून विचारलं होतं, "वन्सं, तुम्ही लग्न का नाही केलंत?" त्या म्हणाल्या, "एकाच ठिपक्यातून वाटेल ती रेषा काढता येते, म्हणून काढायची नसते." म्हणजे एक ठिपका होता. तो कोण, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आता मुद्द्यावर येते. गेल्या दिवाळीआधी तुमच्या बाबांचा फोन आला की डिसेंबरात तुम्ही सगळे येताय. दहा दिवस भारतात, त्यातले दोन नाशिकला. बाकीचे गोव्याला. दोन तर दोन. मी मेन रोडवर जाऊन आर्यासाठी परकराचं कापड आणलं, जांभळं, हिरव्या काठाचं. आर्या, तू येशील तेव्हा मी तुला परकर-पोलकं शिवायचंच, हे तू चालायला लागलीस तेव्हापासूनचं. फक्त माप हवं होतं. तुला पाहून चार वर्षं झाली होती.

मी फोन लावला. तुमचे बाबा म्हणाले, "आई, मीडियम धर ना."

"मीडियम ही लांबी नाही," वन्सं टेबलावरून म्हणाल्या.

"आत्या, आमच्याकडे टेप नाहीये गं. आणि आर्या क्लासला गेलीय. आई, कशाला त्रास घेतेस? इथे सगळं मिळतं."

तुमच्या घरात तीन बाथरूम आहेत. टेप नाही.

मी वन्संना म्हटलं, "डॉक्टरांच्या तक्त्यात वयाप्रमाणे उंची असते, त्यावरून काढूया."

"ती सगळ्या मुलींची सरासरी. मला आपली एक हवी आहे." मग म्हणाल्या, "जुने परकर काढ."

जुने परकर सगळे इथेच आहेत. दर वेळी तू निघालीस की तुझी आई म्हणायची, तिकडे कुठे घालणार, बॅगेत जागा नाही. मी ते धुऊन, मलमलच्या फडक्यात बांधून, वर वयाची चिठ्ठी लावून ट्रंकेत ठेवले. वन्संनी ट्रंक उघडली आणि हाताला लागेल तो परकर मांडीवर घेऊन टेप लावायला सुरुवात केली. एक परकर मोजायला किती वेळ लागतो? वन्संना फार लागत होता. एकावर आंब्याच्या रसाचा डाग राहिला होता, तो त्या नखाने खरवडत बसल्या.

वय आणि लांबीचे आकडे भरून त्यांनी रेषा काढली. पडद्यावर लोकरीचा गुंता.

मला हसू आवरेना. "वन्सं, ओळीत लावायचं राहिलं."

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं कडाडतील. "हो, राहिलं," एवढंच म्हणाल्या आणि ओळीत लावून घेतलं. रेषा सुरेख वर चढली आणि चार वर्षांपूर्वीच्या ठिपक्यापाशी थांबली.

"आणि पुढे?" मी विचारलं.

"पुढे मोजलेलं नाही."

"मग मी काय शिवू? चार वर्षांपूर्वीची पोरगी?"

तेव्हा माझा आवाज चढला होता, हे खरं. वन्संनी चष्मा नाकावर ओढला. मग त्यांनी काहीतरी दाबलं आणि रेषा शेवटचा ठिपका सोडून पुढे सरकली. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच ते पाहिलं. रेषेच्या दोन्ही बाजूंना एक राखाडी पट्टा होता. ठिपके होते तिथे तो चिंचोळा होता आणि पुढे नरसाळ्यासारखा रुंद होत गेला होता.

"हे काय?"

"आपल्याला माहीत नाही ते. जितकं लांब जावं तितकं वाढतं." त्यांनी पट्ट्यावरून बोट फिरवलं. "यात कुठेतरी आहे ती." मग रेषेवरचा आकडा मला सांगितला. "खाली दुमड भरपूर ठेव. चुकला असणारच."

मी परकर शिवला. नाडी ओवून होते न होते तोच फॅमिली ग्रुपवर मेसेज आला. यंदा जमत नाही, पुढच्या वर्षी नक्की. खाली दोन हात जोडलेले.

वन्संनी तो वाचला. "पुढच्या वर्षी नक्की," त्या म्हणाल्या. "तुझा मुलगा एकही ठिपका न देता रेषा काढतो."

मी परकर फडक्यात बांधून ट्रंकेकडे निघाले. त्यांनी हात धरला. "त्यात नको. ते मोजलेले आहेत. हा अंगाला लागलेला नाही."

"मग ठेवू कुठे?"

त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि आपल्या कपाटाच्या दाराला, हँगरवर अडकवला. आता तिथेच असतो. धूळ बसली की झटकतात.

गेल्या आठवड्यात दुपारी मी त्यांच्या खोलीत गेले, तर वन्संच्या मांडीवर तो परकर होता. ज्या बाईने आयुष्यात स्वतःचं बटणही लावलं नाही, ती सुईत दोरा ओवायला धडपडत होती. खालची दुमड उसवलेली होती आणि बोटभर कापड सोडून, वाकड्यातिकड्या टाक्यांनी पुन्हा घातलेली.

"वन्सं, हे काय चाललंय?"

"मध्ये महिने गेले ना," त्या मान वर न करता म्हणाल्या. "उंची थांबत नाही."

मी त्यांच्या हातातून सुई घेतली आणि दोरा ओवून दिला. ते वेडेवाकडे टाके मी तसेच राहू दिले आहेत. दुमडीत अजून दोन बोटं कापड शिल्लक आहे.